इंग्लंडच्या जिल्हावार इमारतींच्या गाईडबुकांचा इतिहास कुणाला माहितीये का? सोलापूरचं असं पुस्तक का नाही?

बाळीवेसकर:

नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतल्या वाचनालयाला एका घरातून पुस्तकांचे खोके मिळालेत, ते लावायचं काम सध्या माझ्याकडं आहे. त्यात पेंग्विनचं एक जुनं पुस्तक निघालं, 'नॉटिंगहॅमशायर', लेखक निकोलस पेव्हस्नर, साल १९५१, वर मालिकेचं नाव 'द बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड'. मला वाटलं ट्रॅव्हल गाईड असेल, कुठं उतरायचं, काय बघायचं वगैरे, पण आत तसलं काहीच नाही. गावांची नावं एबीसीडीप्रमाणं लावलीत आणि प्रत्येक गावाखाली तिथलं चर्च कधीचं, कुठला भाग नंतर वाढवला, खिडकी कुठल्या शतकातली, मग मोठी घरं, बाजार, शाळा. चार घरांचं खेडं असलं तरी दोन ओळी हायतच.

साउथवेल म्हणून एक गाव आहे, नकाशावर बघितलं तर आपल्या कुर्डुवाडीपेक्षा लहान, पण तिथल्या मोठ्या चर्चच्या एका दालनात दगडात पानं कोरलीत आणि हा माणूस ती पानं ओळखून सांगतोय, हे ओक, हे मेपल, ही द्राक्षवेल, हे हॉथॉर्न. तेराव्या शतकाच्या शेवटचं काम आहे म्हणे. म्हणजे आपल्याकडं यादवांचं राज्य होतं तेव्हाचं. आता वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात पण रामचंद्रदेव यादवाच्या काळातले लेख आहेत, तिथल्या खांबांवर काय काय कोरलंय हे कुणी असं ओळीनं लिहून ठेवलंय का हो? मला तरी एका पुस्तकात एका जागी मिळालं नाही.

तर माझे प्रश्न: ही मालिका कुणी सुरू केली, कशी केली, पैसे कुठनं आले, पूर्ण झाली का. आणि दुसरं, आपल्या जिल्ह्याचं असं काही आहे का, नसेल तर करता येईल का. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

-----

दयानंदचा_माजी:

बाळीवेसकर, तुमच्या हाताला जे लागलंय ते मालिकेच्या पहिल्या तीन पुस्तकांपैकी एक आहे, नीट जपा, प्लास्टिकचं कव्हर घाला पण चिकटपट्टी लावू नका. १९५१ साली कॉर्नवॉल, नॉटिंगहॅमशायर आणि मिडलसेक्स असे तीन भाग आले आणि शेवटचा स्टॅफर्डशायर १९७४ ला. एकूण ४६. त्यातले ३२ या माणसानं एकट्यानं लिहिले, १० कुणा ना कुणाबरोबर आणि ४ दुसऱ्यांनी लिहिले. मी शिकवत होतो तेव्हापासून ही मालिका माझ्या आवडीची आहे म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

पेव्हस्नर मूळचा इंग्रज नव्हेच. जन्म १९०२, जर्मनीतलं लाइपझिग, ज्यू घराणं, पुढं ख्रिस्ती झाला. गॉटिंगेन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायचा. १९३३ ला हिटलर आल्यावर ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतनं काढलं, त्यात याची नोकरी गेली. इंग्लंडला आला, मिळेल ते काम केलं, मधे काही काळ एका फर्निचरवाल्या कंपनीसाठी माल खरेदी करायचं काम पण केलं, आणि १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून त्याला काही काळ छावणीत डांबलं. ज्या देशानं असं डांबलं त्याच देशाचं गावन् गाव पुढं त्यानं पालथं घातलं, मला या गोष्टीचं कायम अप्रूप वाटत आलंय.

आता कल्पना कुठनं आली. जर्मनीत गेओर्ग डेहिओ नावाचा मोठा अभ्यासक होऊन गेला, १८५० ते १९३२. त्यानं १९०५ ते १९१२ या काळात अख्ख्या जर्मनीतल्या कलावास्तूंचं पाच खंडांचं हँडबुक केलं, गावांच्या नावाप्रमाणं लावलेलं, पिशवीत घालून फिरता येईल असं. तिथं अजून लोक पुस्तकाला सरळ 'डेहिओ' म्हणतात. हाच डेहिओ जुन्या वास्तूंबद्दल सांगायचा की जपा, नव्यासारख्या करू नका. आपल्याकडं काळ्या दगडाच्या देवळांना ऑइलपेंट फासतात ते बघितलं की मला त्याची आठवण येते. तर पेव्हस्नर या डेहिओवर वाढलेला, इंग्लंडला आल्यावर त्याला दिसलं की इथं असलं पुस्तकच नाही. १९४५ ला पेंग्विनचा मालक अ‍ॅलन लेन यानं त्याला विचारलं, की पुढं तुम्हाला काय करावंसं वाटतं. यानं दोन गोष्टी सांगितल्या, एक ही जिल्हावार मालिका आणि दुसरी जगाच्या कलेच्या इतिहासाची मोठ्या ग्रंथांची मालिका. लेननं दोन्हीला हो म्हटलं! दुसऱ्या मालिकेतच बेंजामिन रोलंडचा भारतीय कला आणि स्थापत्यावरचा ग्रंथ १९५३ ला आला, तो आपल्याकडच्या जुन्या लायब्ऱ्यांत अजून दिसतो, म्हणजे या माणसाचा हात आपल्यापर्यंत पण पोचलेला आहे.

साउथवेलच्या पानांचं म्हणाल तर त्यावर त्यानं आधीच, १९४५ ला, एक छोटं स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. त्यामुळं तुमच्या हातातल्या भागात ते वर्णन इतकं रंगलंय.

-----

सीनाकाठ:

सरांनी इतिहास सांगितला, मी पद्धत सांगतो कारण मला त्यातच जास्त रस आहे. मी सर्व्हेचं काम करतो, फील्डवर एवढं कसं उरकलं असेल हा प्रश्न मला पहिल्यापासून होता.

लेननं दोन अर्धवेळ सहायक दिले, दोघीही जर्मनीतनं आलेल्या कलेच्या अभ्यासक. त्या वर्षभर लायब्रीत बसून छापील साहित्यातनं प्रत्येक गावाच्या नोट्स काढायच्या. पेव्हस्नर कॉलेजला शिकवायचा, त्यामुळं हिंडायला सुट्ट्याच, ईस्टरची आणि उन्हाळ्याची. एका सुट्टीत एक काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, साधारण महिनाभर. युद्ध नुकतंच संपलेलं, पेट्रोल रेशनवर, लेननं १९३३ ची एक जुनी वॉल्सली हॉर्नेट गाडी दिली आणि ती चालवायची त्याची बायको लोला. हा शेजारी मांडीवर नोट्स घेऊन. दिवसभर गावामागून गाव, आणि रात्री स्वस्तातल्या लॉजवर बसून त्याच दिवशी बघितलेलं त्याच रात्री लिहून काढायचं. घरी गेल्यावर निवांत लिहू ही भानगडच नाही. माझ्या मते सगळ्या मालिकेचा जीव या एका सवयीत आहे. फील्डवरनं आल्यावर दोन दिवस गेले की कुठल्या खांबावर काय होतं ते सगळं मिसळून जातं, फोटो असले तरी मिसळतं, हे या लाइनमधल्या कुणालाही विचारा.

लोला १९६३ ला गेली. त्यानंतर विद्यार्थी वगैरे गाडी चालवायला यायचे, पण काम थांबलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे साचा. सगळ्या गावांना एकच क्रम: आधी धार्मिक वास्तू, मग सार्वजनिक इमारती, मोठी घरं, आणि गाव मोठं असेल तर रस्त्यानं चालत जायचा मार्ग, म्हणजे इथनं निघा, डाव्या हाताला हे, पुढं कोपऱ्यावर ते. वाक्यं तुटक, क्रियापद पण नसतं बऱ्याचदा. पुस्तकाच्या सुरुवातीला जिल्ह्याची मोठी प्रस्तावना, मागं शब्दार्थांची यादी, कारागिरांची सूची, मधे फोटो. बांधकामाचा दगड कुठला, वीट कुठली यावर प्रस्तावनेत वेगळा तुकडा, बरेचदा अ‍ॅलेक क्लिफ्टन-टेलर या जाणकारानं लिहिलेला. आपल्याकडं तर काळा बेसाल्ट आणि पांढऱ्या मातीची घरं यांवरच तसा तुकडा लिहिता येईल, आणि माळवदाची घरं पडायच्या आत लिहायला पाहिजे खरं तर.

पैशाचं विचारलंय. मालिका तोट्यातच चालली. पेंग्विननं सोसलं, पण पन्नासच्या दशकात बंद पडायची वेळ आली तेव्हा लेव्हरह्यूम ट्रस्टच्या अनुदानावर तगली. नुसत्या विक्रीवर असलं काम कुठंच उभं राहत नाही, हे आपण पण आधीच धरून चाललं पाहिजे.

-----

मागावरची:

मी दाजी पेठेतली, शाळेत इतिहास शिकवते. वरचं सगळं वाचून छान वाटलं पण एक बाजू राहिलीय ती मांडते.

पेव्हस्नरवर टीका काय कमी झाली नाही. जॉन बेटजेमन नावाचे कवी, त्यांनी १९३४ ला पेट्रोल विकणाऱ्या शेल कंपनीच्या पैशावर दुसरी गाईड मालिका सुरू केलेली, पहिलं पुस्तक कॉर्नवॉलचंच. त्यांना हे पेव्हस्नरचं काम कोरडं वाटायचं, यादी केलीय पण जागेचा वास नाही, तिथं माणसं राहतात हे दिसत नाही असं. आणि त्यात तथ्य आहे. सुरुवातीच्या भागांत चर्च आणि बड्या लोकांचे वाडे यांना पानंच्या पानं, साध्या शेतकऱ्याच्या घराला, गिरणीला, कामगारांच्या चाळीला एखादी ओळ, कधी तीही नाही. नंतर सुधारलेल्या आवृत्त्यांत हे भरून काढलं, पुस्तकं जाडजूड झाली, लंडनचे पहिले दोन भाग होते त्याचे पुढं सहा झाले! इयान नेर्न हा त्याचा सहलेखक, सरे आणि ससेक्सच्या भागांत त्यानं लिहिलेलं वाचलं तर फरक लगेच कळतो, तो रस्त्यावर उभा राहून काय वाटतं ते लिहितो.

आता सोलापूरकडं बघा. इथं जर त्या जुन्या साच्यानं गेलो तर सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट, इंद्रभवन, पंढरपूर झालं, संपलं. पण सोलापूर हे शहर वाढलं ते गिरण्यांनी आणि मागांनी. जुनी मिल १८७७ च्या सुमारास सुरू झाली, त्यामागं तेलुगू भागातनं पद्मशाली विणकर कुटुंबं येत राहिली आणि आमचा पूर्व भाग वसला. आमच्याकडच्या जुन्या घराची रचना बघा. दारातनं आत शिरलं की पहिल्या खोलीतच माग, जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, खड्ड्याची कड पायांनी घासून गुळगुळीत झालेली, उजेडासाठी खिडकी बरोबर मागाच्या अंगाला, आणि स्वयंपाकघर मागं अंधारात. खड्डामाग गेले, पॉवरलूम आले, तेव्हा खड्डे बुजवून कोबा केला पण खिडकी तिथंच राहिली. कुठलंही गाईडबुक या खिडकीबद्दल लिहीत नाही. मला वाटतं सोलापूरच्या पुस्तकात हे पहिल्या दहा पानांत यायला पाहिजे, देवळाइतक्याच मानानं.

गिरण्यांचं तर विचारूच नका, जे उरलंय त्याचे फोटो तरी घ्या कुणीतरी, दरवर्षी काहीतरी कमी होतंय.

-----

दयानंदचा_माजी:

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त एक सांगतो, पेव्हस्नर स्वतः व्हिक्टोरियन काळातल्या इमारतींच्या बाजूनं उभा राहिला होता, जेव्हा बाकीचे त्यांना कुरूप म्हणून पाडत होते. १९५८ ला व्हिक्टोरियन सोसायटी निघाली त्यात तो होता आणि पुढं कितीतरी वर्षं तिचा अध्यक्ष होता. गाईडबुकात नोंद आहे म्हणून इमारत वाचली असं तिथं बऱ्याचदा घडलं, कारण पाडायला निघालेल्याला दाखवायला एक छापील पान होतं. आपल्याकडं हेच नसतं. इमारत पडल्यावर पेपरात फोटो येतो आणि तेव्हा कळतं की ही कुणीतरी बांधलेली होती.

बाळीवेसकरांचा दुसरा प्रश्न राहिलाच, आपल्याकडं काय आहे. अगदीच काही नाही असं नाही. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूरचा आहे, १८८४ चा, जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेला. त्यात शेवटी ठिकाणांचं प्रकरण आहे, गावं अक्षरांप्रमाणं लावलेली, बाजार, देऊळ, किल्ला, जत्रा सगळं. म्हणजे डेहिओच्या वीस वर्षं आधी आपल्या जिल्ह्याची गाववार नोंद छापून तयार होती! फक्त ती सरकारी कामासाठी होती, कलेच्या डोळ्यानं नाही. बर्जेसनं १८८५ ला प्रेसिडेन्सीतल्या प्राचीन अवशेषांची यादी केली, हेन्री कझिन्सनं ती १८९७ ला सुधारून काढली, आणि पुढं १९३१ ला दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर त्याचा मोठा ग्रंथ आला. महाराष्ट्र सरकारनं पण जिल्ह्याचं नवं गॅझेटियर काढलं. हे सगळं पायाला धरायचं, लायब्रीतल्या नोट्स म्हणजे हेच. पण यातलं काहीच हातात घेऊन हत्तरसंगला उभं राहता येत नाही.

-----

कुडलवाला:

हत्तरसंगचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचतो. आमचं शेत त्या बाजूला हाय, दक्षिण सोलापूर तालुक्यात.

हत्तरसंगजवळच्या कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथं दोन देवळं, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वर बरंच मातीखाली गेलं होतं, खोदकाम करून मोकळं केलं, त्यातच ते बहुमुखी शिवलिंग मिळालं ज्यावर सगळीकडनं शिवाची मुखं कोरलीत. आणि संगमेश्वराच्या आत तुळईवर शके ९४० चा लेख आहे, म्हणजे इसवी सन १०१८. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. तारीख असलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत हा धरतात. उजेडात आणला तो आपल्या सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी, गावोगाव फिरून लेख वाचण्यात त्या माणसानं आयुष्य घातलं. पेव्हस्नरचं एवढं कौतुक चाललंय ते बरोबरच हाय पण आपल्यात पण असा माणूस होऊन गेला हे पोरांना सांगा की.

आता अडचण सांगतो. येणारे लोक लिंगापाशी सेल्फी काढतात आणि जातात. तुळईकडं मान वर करून बघा म्हणून सांगावं लागतं, बघितलं तरी अंधारात अक्षरं दिसत नाहीत. बॅटरी समोरनं मारली की दगड सपाट दिसतो. बाजूनं, अगदी दगडाला चिकटवून तिरकी मारली की अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि एकेक अक्षर उभं राहतं. हे पुस्तकात लिहून ठेवा, कुठं उभं राहायचं आणि बॅटरी कुठनं धरायची. मी पाहुण्यांना असंच दाखवतो आणि मग ते अर्धा अर्धा तास हलत नाहीत.

आणि लेखावर पाणी, खडू, पावडर काही लावू नका, हात जोडून सांगतो.

-----

सीनाकाठ:

कुडलवाले दादा, तुमची ही एक कॉमेंट म्हणजेच नोंद झाली की. बेटजेमनला जे हवं होतं आणि पेव्हस्नरला जे हवं होतं ते दोन्ही यात आहे.

मी प्रयत्न म्हणून त्या तुटक पद्धतीनं भुईकोटाची एक नोंद लिहून बघितली, सगळ्यांनी दुरुस्त करा:

'सोलापूर. भुईकोट किल्ला. बहामनी काळातला, पुढं आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे सगळ्यांच्या हातातनं गेलेला, १८१८ ला इंग्रजांनी घेतला. तट दुहेरी, बाहेरचा बुटका, आतला उंच. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकीकडं खंदक. तटाच्या दगडांत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले, नीट बघत चालावं. आत जमिनीखालनं निघालेल्या देवळाचे खांब. तटावरनं तलाव आणि तलावातलं सिद्धेश्वर मंदिर एका नजरेत. संध्याकाळी जावं, ऊन पाठीमागनं येतं.'

शेवटचं वाक्य पेव्हस्नरनं लिहिलं नसतं पण मला ठेवावंसं वाटतं. आणि दंतकथा, महात्म्य वगैरे असेल तर प्रत्येक नोंदीच्या शेवटी वेगळ्या टाइपात घ्यावं, लोक सांगतात असं म्हणून. गाळू नये. सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला, अडुसष्ट लिंगं स्थापली ही गोष्ट काढून टाकली तर गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्याच वाटेनं का फिरतात हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. शहराचा चालत बघायचा मार्ग करायचा झाला तर मी अडुसष्ट लिंगांचाच घेईन, तो आधीच आखलेला आहे, आठशे वर्षं लोक त्यावरनं चालतायत.

-----

जिल्हाप्रेमी_पुणे:

मूळचा करमाळ्याचा, सध्या पुण्यात. कल्पना चांगली आहे पण मला वाटतं हे तज्ज्ञांचं काम आहे. मूर्तिशास्त्र कळत नाही, लिपी वाचता येत नाही अशा लोकांनी लिहिलं तर चुका छापल्या जातील आणि मग त्याच चुका सगळीकडं कॉपी होत राहतील. एखाद्या विद्यापीठानं प्रोजेक्ट घेतला तर ठीक.

-----

दयानंदचा_माजी:

चुकांची भीती रास्त आहे. पण पेव्हस्नरनं काय केलं ते बघा. त्यानं पुस्तकाच्या सुरुवातीलाच वाचणाऱ्यांना लिहिलं की यात चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी असणार, तुम्हाला दिसल्या तर कळवा. आणि लोकांनी खरंच कळवलं, गावच्या पाद्र्यांनी, शिक्षकांनी, घरमालकांनी पत्रं लिहिली, त्या पत्रांतनं पुढच्या आवृत्त्या सुधारल्या. पहिली आवृत्ती पूर्ण व्हायच्या आधीच जुन्या भागांची सुधारणा सुरू झाली होती. तो १९८३ ला वारला तरी काम चालूच, २००२ ला मालिका येल विद्यापीठाच्या प्रकाशनाकडं गेली आणि इंग्लंडच्या सगळ्या भागांची सुधारित फेरी २०२४ मध्ये पुरी झाली, परत स्टॅफर्डशायरनंच. मधल्या काळात वेल्सचं काम १९७९ च्या पोविस भागापासून २००९ पर्यंत, स्कॉटलंडचं १९७८ च्या लोदियनपासून २०१६ पर्यंत पूर्ण झालं, आयर्लंडचं अजून चालू आहे. आपण जर सगळं बिनचूक झाल्यावरच छापू म्हटलं तर तोवर करमाळ्याच्या कमलादेवीच्या दीपमाळा आणि ती शहाण्णव पायऱ्यांची विहीर कुठल्या अवस्थेत असेल ते तुम्हीच सांगा.

तुम्ही करमाळ्याचे आहात, राव रंभा निंबाळकरांच्या काळापासूनची माहिती तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत असणार. लिपी वाचणारा माणूस आपण गाठू, पण विहिरीच्या कुठल्या पायरीपाशी काय आहे हे तुम्हीच लिहायचं.

-----

मागावरची:

सरांशी सहमत. शिवाय एक नियम करूया, ज्याची खात्री नाही ते लिहायचंच नाही. शतक माहिती नसेल तर नुसतं वर्णन. दगड कुठला, खांब गोल की चौकोनी, दार कुठल्या दिशेला, हे बघून कुणीही लिहू शकतं आणि त्यात चूक व्हायची शक्यता कमी. हेमाडपंती हा शब्द तर सरसकट वापरूच नका, चुना न वापरता रचलेलं काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की लोक बिनधास्त हेमाडपंती लिहितात, त्यातली कित्येक हेमाद्रीच्या आधीची चालुक्य काळातली असतात.

माझ्या वर्गातल्या मुलींना मी दिवाळीनंतर पूर्व भागातल्या मागाच्या घरांचं काम देणार आहे. आज्जीला विचारायचं, खोलीची आकृती काढायची, खिडकीची उंची मापायची. घरमालकाचं नाव छापणार नाही, फक्त गल्ली.

-----

बाळीवेसकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, एकदम सगळे घेतले तर काहीच होणार नाही. मला वाटतं दक्षिण सोलापूर आणि शहराचा जुना भाग, बाळीवेशीपासून मधल्या मारुतीपर्यंत, एवढ्यानंच सुरुवात करावी. आधी गॅझेटियरमधली ठिकाणांची यादी काढू, त्यापुढं आज तिथं काय उरलंय ते लिहू. हिंडायचं काम दिवाळी ते महाशिवरात्र या काळात, उन्हाळ्यात इथं दुपारी दगडाला हात लावता येत नाही. सीनाकाठ, तुमचा नोंदीचा साचा एका पानावर टाइप करून टाकता का, कुणालाही मोबाईलवर भरता येईल असा? आणि बघितलेलं त्याच रात्री ग्रुपवर टाकायचं, हा नियम पक्का.

-----

जिल्हाप्रेमी_पुणे:

ठीक आहे, पटलं. गणपतीत गावाकडं येतोय तेव्हा विहिरीचं आणि देवळाचं मी करतो. तिथं पायऱ्या मोजताना पाण्याची पातळी किती होती ते पण लिहायचं का? उन्हाळ्यात खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, एरवी दिसत नाहीत.

-----

सीनाकाठ:

हो, महिना आणि पाण्याची पातळी दोन्ही लिहा. साच्यात तो रकाना घालतोच. माचणूरचा किल्ला आणि ब्रह्मपुरी कुणी घेतलेली नसेल तर मंगळवेढ्याच्या साइटवर असताना मी घेतो, औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चारेक वर्षं तिथं होती, भीमेच्या काठाला घाटापासून तटापर्यंत चालत बघायला पाहिजे. कुडलवाले दादा, पुढच्या रविवारी सकाळी आहात का शेतावर? बॅटरी मी आणतो.

-----

कुडलवाला:

हाय की. आठच्या आत या, नंतर दर्शनाला गर्दी होते. नदीला पाणी जास्त असेल तर फोन करून सांगतो, मग पलीकडच्या रस्त्यानं यावं लागेल.